खिशाला चाट न लावता पेपर सर्वांसाठी खुला कसा करायचा

मी वाशीच्या एका कॉलेजात गणित शिकवते आणि ठाण्याला कोपरीत राहते. पीएच.डी. नोकरी सांभाळून केली. वाचन, टिपणं, पेपरच्या दुरुस्त्या हे सगळं ठाणे-वाशी गाडीत आणि रात्री घर झोपल्यावर. माझा पहिला पेपर ग्राफ कलरिंगवर, म्हणजे बिंदू-रेषांच्या जाळ्यांना रंग देण्याच्या गणितावर होता. एका ऑनलाइन मासिकाला तो पाठवला आणि चौथ्या दिवशी 'स्वीकारला' असा मेल आला. मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले, ३,८०० रुपये भरले, छापील प्रमाणपत्रही आलं. पुढच्या दोन वर्षांत ते संकेतस्थळच नाहीसं झालं. पेपर कुणाला दाखवायला उरला नाही आणि 'आधी छापून आलेला' म्हणून दुसरीकडे पाठवायची सोयही उरली नाही. त्यातल्या एका सिद्धतेसाठी मी ८ महिने खपले होते. तिची हळहळ अजून जात नाही.

त्याच सुमाराची दुसरी गोष्ट. आमच्या झूऑलॉजीच्या मॅडम ठाणे खाडीतल्या खेकड्यांवर काम करतात. ऐरोलीच्या कोळीवाड्यातला एक मुलगा त्यांना होडीतून न्यायचा, ओहोटीच्या वेळा सांगायचा, चिखलात उतरून बिळं मोजायला मदत करायचा. पेपर छापून आला तेव्हा त्याने विचारलं, "मॅडम, मला वाचायला मिळेल का?" त्याच्या मोबाईलवर लिंक उघडली तर ३५ डॉलर मागणारी पाटी. ज्या खाडीवर त्याचं घर चालतं, तिच्याविषयी लिहिलेलं त्यालाच बंद.

या दोन्ही गोष्टी टाळता येतात. पेपर जगाला फुकट वाचता यावा म्हणून लेखकाने पैसे भरलेच पाहिजेत असं नाही. गणितात तर बहुतेक वेळा नाहीच. हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून एम.एस्सी., पीएच.डी. करणाऱ्या आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या मंडळींसाठी सगळी वाट क्रमाने लिहून ठेवते आहे.

आधी चार शब्द समजून घ्या

हे शब्द मेलमध्ये आणि फॉर्ममध्ये सारखे येतात. 'गोल्ड' म्हणजे जर्नलच्या संकेतस्थळावर पेपर सर्वांना खुला. त्यासाठी लेखकाकडून घेतात त्या पैशांना एपीसी (आर्टिकल प्रोसेसिंग चार्ज) म्हणतात. 'हायब्रिड' म्हणजे जर्नल वर्गणीचं, पण पैसे भरणाऱ्याचा तेवढा पेपर खुला. 'ग्रीन' म्हणजे जर्नल कोणतंही असो, आपली प्रत आपण एखाद्या सार्वजनिक भांडारात ठेवायची. 'डायमंड' म्हणजे लेखकालाही शून्य खर्च आणि वाचकालाही. खर्च संस्था, विद्वत्सभा किंवा सरकार उचलतं.

लोक 'ओपन ॲक्सेस' म्हटलं की फक्त गोल्ड धरून चालतात आणि पैशांच्या आकड्याने दबतात. आकडे दबण्यासारखेच आहेत. 'नेचर'ने २०२० मध्ये ९,५०० युरो जाहीर केले होते. पण २००२ मध्ये बुडापेस्टला खुल्या प्रकाशनाचं जे आवाहन निघालं, त्यात पहिल्यापासून दोन वाटा होत्या: खुली जर्नल्स आणि स्वतः प्रत ठेवणं. दुसरी वाट फुकट आहे.

हाताशी काय हवं

- ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख-क्रमांक (पहिल्या पायरीत सांगते)
- कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या नावाचा ईमेल. जीमेल चालतो, पण अडथळे वाढतात
- पेपरची लाटेक फाइल (लाटेक म्हणजे गणिती मजकूर टाइप करून मांडायची संगणकप्रणाली), चित्रांच्या वेगळ्या फाइली आणि लाटेकने तयार केलेली संदर्भांची बीबीएल फाइल
- सगळ्या सहलेखकांची लेखी संमती, निदान मेलवर
- गणितासाठी एमएससी २०२० (मॅथेमॅटिक्स सब्जेक्ट क्लासिफिकेशन) या वर्गीकरणातले विषय-क्रमांक. उदाहरणार्थ ग्राफ कलरिंगचा ०५सी१५
- अनुदान असेल तर प्रकल्पाचा क्रमांक
- जीवशास्त्रासाठी वनखात्याची किंवा नैतिक समितीची परवानगी. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ पासून संरक्षित आहे आणि २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. तिथलं काम परवानगीच्या कागदाशिवाय संपादक पुढे नेत नाहीत
- डेटा आणि प्रोग्रॅम ठेवायला झेनोडोवर खातं. हे भांडार सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेचं आहे, फुकट आहे आणि ठेवलेल्या फाइलला डीओआय, म्हणजे कायमचा पत्ता सांगणारा क्रमांक मिळतो

१. नाव एकदाच ठरवा

हे क्षुल्लक वाटतं, पण आपल्याकडे यातूनच घोळ होतात. आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. कधी तीनही, कधी नुसती आद्याक्षरं. त्यातून मुलींची आडनावं लग्नानंतर बदलतात. माझा एक पेपर माहेरच्या नावावर आणि प्रबंध सासरच्या नावावर आहे. गणिताच्या सूचींत मी कितीतरी दिवस दोन वेगळ्या बायका होते.

रोमन लिपीत नाव कसं लिहायचं ते पहिल्या पेपरआधी ठरवा आणि लगेच ऑर्किडवर नोंद करा. २०१२ पासून चालणारी ही सोय फुकट आहे. १६ अंकी क्रमांक मिळतो आणि नाव बदललं, कॉलेज बदललं तरी तोच राहतो. खात्याला कॉलेजच्या मेलबरोबर स्वतःचा खासगी मेलही जोडा. नोकरी सुटली की कॉलेजचा मेल बंद होतो आणि खातं हातचं जातं.

२. पेपर लाटेकमध्ये बसवा

गणित आणि सैद्धांतिक भौतिकशास्त्राला लाटेकशिवाय पर्याय नाही. ओव्हरलीफची फुकट आवृत्ती पुरते. रसायन आणि जीवशास्त्रात वर्ड चालतं. जर्नलच्या साच्यात बसवायची घाई सुरुवातीला करू नका. बरीच जर्नल्स पहिल्या वेळी साधी पीडीएफ घेतात.

३. जर्नल निवडा, इथे सर्वांत जास्त वेळ द्या

माझी चूक इथेच झाली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात आपल्या संदर्भसूचीपासून करा. तुम्ही ज्या वीस-पंचवीस पेपरांवर उभे आहात, ते कुठे छापून आले? त्यातल्या दोन-तीन जर्नल्सचे संपादक तुमचा विषय ओळखतात. मग प्रत्येक नाव डीओएजे या सूचीत टाका. २००३ मध्ये स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात सुरू झालेली खुल्या जर्नल्सची ही यादी आहे. तिच्यात 'शुल्क नसलेली' अशी चाळणी आहे. ती लावली की डायमंड जर्नल्स समोर येतात.

गणितात अशी चांगली नावं बरीच आहेत. 'इलेक्ट्रॉनिक जर्नल ऑफ कॉम्बिनेटोरिक्स' १९९४ पासून लेखक किंवा वाचक कुणाकडूनच काही घेत नाही. 'डॉक्युमेंटा मॅथेमॅटिका' १९९६ पासूनचं. गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांच्या पुढाकाराने निघालेलं 'डिस्क्रीट ॲनालिसिस' तर पेपर स्वतःकडे ठेवतच नाही. पेपर आर्काइव्ह या खुल्या भांडारात राहतो (चौथ्या पायरीत सांगते), जर्नल त्याचं परीक्षण करतं आणि आपल्या पानावरून तिकडे दुवा देतं. आपल्याकडचं 'हार्डी-रामानुजन जर्नल'ही आता एपिसायन्सेस या खुल्या जर्नल्सच्या मंचावर अशाच पद्धतीने चालतं. के. रामचंद्र आणि आर. बालसुब्रमणियन यांनी ते १९७८ मध्ये सुरू केलं. रामचंद्र कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, म्हणजे हे जर्नल आपल्याला तसं घरचंच. संख्या-सिद्धांतातल्या, म्हणजे नंबर थिअरीतल्या मुलांनी ते आवर्जून पाहावं.

भौतिकशास्त्रात २०१६ पासूनचं 'सायपोस्ट' आणि सेंद्रिय रसायनात 'बाइलश्टाइन जर्नल ऑफ ऑरगॅनिक केमिस्ट्री' ही दोन्ही डायमंड. बंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची जर्नल्सही विसरू नका. भौतिकशास्त्राचं 'प्रमाण' आणि गणिताचं 'प्रोसीडिंग्ज' छापून आणायला पैसे लागत नाहीत. ही अकादमी १९३४ मध्ये सी. व्ही. रामन यांनी स्थापन केली.

आता सापळे.

मेल असा येतो: तुमचं संशोधन वाचून आम्ही भारावून गेलो, पुढच्या अंकासाठी एकच जागा शिल्लक आहे, शुक्रवारपर्यंत पाठवा. खाली पाच विषयांची नावं: गणित, वाणिज्य, नर्सिंग, योग, अभियांत्रिकी. जे जर्नल सगळंच छापतं, त्याच्याकडे तुमची सिद्धता तपासणारं माणूस नसतं. गणिताचा पेपर चार दिवसांत तपासून होत नाही. माझ्या त्या पहिल्या पेपरवरचा 'परीक्षकाचा अभिप्राय' दोन ओळींचा होता आणि त्यात प्रमेयाचा उल्लेखसुद्धा नव्हता. तेव्हाच थांबायला हवं होतं.

आयएसएसएन क्रमांक दाखवला म्हणून भुलू नका. ती फक्त नियतकालिकाची नोंद असते, दर्जाची खूण नव्हे. संपादक मंडळातली दोन नावं घ्या, त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर जा आणि तिथे या जर्नलचा उल्लेख आहे का ते पाहा. कितीतरी प्राध्यापकांना आपलं नाव कुठे लावलंय याचा पत्ताही नसतो. 'इम्पॅक्ट फॅक्टर', म्हणजे जर्नलमधल्या पेपरांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो तो आकडा, लिहिला असेल तर तो कुणी दिला ते विचारा. तो आकडा क्लॅरिव्हेट या कंपनीचा असतो, बाकीचे तशाच नावाचे आकडे विकत मिळतात. गणितासाठी माझी शेवटची कसोटी सोपी आहे: झेडबीमॅथ ओपन ही गणिताच्या पेपरांची सूची उघडायची आणि जर्नलचं नाव टाकायचं. २०२१ पासून ही सूची सगळ्यांना फुकट आहे. जर्नल तिथे नसेल तर मी पाठवत नाही.

आणखी एक वाईट प्रकार म्हणजे खऱ्या जर्नलच्या नावाने उभं केलेलं खोटं संकेतस्थळ. नाव तेच, मुखपृष्ठ तेच, आयएसएसएनही तोच, पैसे मात्र तिसऱ्याच्याच खात्यात. म्हणून मेलमधल्या लिंकवरून कधीही पेपर पाठवू नका. डीओएजेवरून किंवा आयएसएसएन पोर्टलवरून जर्नलच्या पानावर जा.

यूजीसी-केअर या यूजीसीच्या मान्य जर्नल्सच्या यादीचं काय, हा प्रश्न स्टाफरूममध्ये अजून निघतो. ती यादी बंद केल्याचं यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं आणि जर्नल पारखण्याचे निकष देऊन जबाबदारी संस्थांवर टाकली. त्यामुळे 'यूजीसी-केअर मान्य' अशी जाहिरात आज दिसली तर ती जुनी तरी आहे किंवा खोटी. प्रबंध देण्याआधी पेपर छापलेला हवाच, ही देशभराची अटही यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत राहिली नाही. तुमच्या विद्यापीठाची वेगळी अट असू शकते, ती पीएच.डी. विभागात लेखी विचारून घ्या. या एका अटीच्या धास्तीने किती मुलांनी घाईघाईत कुठेही पैसे भरले, ते मी जवळून पाहिलं आहे.

४. प्रीप्रिंट चढवा

ही पायरी मला सर्वांत जास्त आवडते. प्रीप्रिंट म्हणजे जर्नलने तपासण्याआधीची प्रत. जर्नलला पाठवण्याआधी किंवा पाठवताना पेपर आर्काइव्हवर ठेवायचा. रोमनमध्ये या नावाच्या मधोमध एक्स असतो, शोधताना लक्षात ठेवा. पॉल जिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये लॉस अलामॉसला ते सुरू केलं, २००१ मध्ये ते कॉर्नेल विद्यापीठात आलं. गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र यांसाठी हेच. जीवशास्त्राला बायोआर्काइव्ह, रसायनाला केमआर्काइव्ह, भूशास्त्राला अर्थआर्काइव्ह. कुठेही पैसे लागत नाहीत.

आर्काइव्हवर पहिल्यांदा जाणाऱ्याला 'एंडॉर्समेंट' लागू शकतं, म्हणजे त्या शाखेत आधी पेपर ठेवलेल्या कुणीतरी तुमच्यासाठी शब्द टाकायचा. यंत्रणा एक सहा अक्षरी कोड देते, तो त्या व्यक्तीला पाठवायचा. आपल्याकडच्या छोट्या कॉलेजांत ही अडचण खरी आहे, कारण गाइडनेच कधी आर्काइव्ह वापरलेलं नसतं. तेव्हा तुमच्या संदर्भसूचीतल्या एखाद्या पेपरचं आर्काइव्हवरचं पान उघडा. तळाशी 'या पेपरचे कोणते लेखक एंडॉर्स करू शकतात' अशी लिंक असते. कार्यशाळेत किंवा परिषदेत ज्यांना भेटला आहात त्यांना आधी विचारा. चार ओळींचा मेल पुरे: आपण कोण, पेपर कशावर, त्यांच्या कोणत्या निकालाचा उपयोग केला, सोबत पीडीएफ. एका वेळी एकालाच. पन्नास अनोळखी प्राध्यापकांना एकच मेल पाठवला तर कुणीच उत्तर देत नाही.

पेपर लाटेकमध्ये केला असेल तर आर्काइव्हला मूळ फाइली द्याव्या लागतात, नुसती पीडीएफ परत येते. इथे माझी एक रात्र गेली. घरच्या लॅपटॉपवर पेपर व्यवस्थित तयार होत होता, आर्काइव्हवर मात्र 'चित्राची फाइल सापडत नाही'. तीनदा चढवलं, तीनदा तेच. साडेबाराला लक्षात आलं की फाइलच्या नावात पहिलं अक्षर कॅपिटल होतं आणि पेपरमध्ये मी ते लहान लिहिलं होतं. विंडोजला दोन्ही सारखं, आर्काइव्हच्या यंत्राला नाही. फाइलींची नावं सगळी लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता ठेवा. टिप्पण्याही काढून टाका. लाटेकमध्ये टक्क्याच्या चिन्हापुढे लिहिलेलं पीडीएफमध्ये दिसत नाही, पण मूळ फाइल कुणीही उतरवून घेऊ शकतं आणि तुम्ही सहलेखकाला लिहिलेली खासगी वाक्यं जग वाचतं.

परवाना निवडताना थांबून विचार करा, कारण तो नंतर मागे घेता येत नाही. सीसी-बाय दिला की श्रेय देऊन कुणीही पेपर वापरू शकतं, भाषांतर करू शकतं, छापू शकतं. मला स्वतःला हाच पटतो. पण पेपर पुढे वर्गणीच्या जर्नलला जाणार असेल आणि त्यांना एकाधिकार हवा असेल, तर अडचण येते. नक्की नसेल तेव्हा आर्काइव्हचा स्वतःचा साधा परवाना घ्या. त्यात हक्क तुमच्याकडेच राहतात, आर्काइव्हला फक्त पेपर कायम दाखवायची मुभा मिळते.

वेळेचं गणित आपल्यासाठी असं बसतं: मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या दुपारी २ वाजताची. म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री ११:३०, हिवाळ्यात १२:३०. मुदतीत बसलं आणि तपासणीत अडकलं नाही, तर पेपर पहाटे ५:३० किंवा ६:३० ला यादीत येतो. शुक्रवारी रात्रीची मुदत चुकली तर थेट मंगळवारची पहाट.

एकदा ठेवलेला पेपर पुसता येत नाही. दुसरी, तिसरी आवृत्ती चढवता येते. 'मागे घेतला' अशी नोंदही करता येते. पण पहिली आवृत्ती तिथेच राहते. म्हणून सगळ्या सहलेखकांनी शेवटची प्रत वाचल्याशिवाय बटण दाबू नका.

"कुणी चोरलं तर?" हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थी विचारतो. उलट आहे. तारखेचा शिक्का पडतो आणि निकाल आधी कुणाचा होता ते साऱ्या जगाला दिसतं. गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमान यांनी पॉइंकारे कंजेक्चर या गाजलेल्या प्रश्नाची सिद्धता २००२-०३ मध्ये आर्काइव्हवरच ठेवली, जर्नलला पाठवलीच नाही. आपल्याला मात्र जर्नल लागतं, कारण बढतीच्या मुलाखतीत नुसता प्रीप्रिंट धरत नाहीत.

आणि प्रीप्रिंट वाचले जातात. झूऑलॉजीच्या मॅडमनी पुढचा पेपर जर्नलला देण्याआधी बायोआर्काइव्हवर ठेवला आणि त्या कोळीवाड्यातल्या मुलाला लिंक पाठवली. त्याने इंग्रजी मजकूर सोडून आधी नकाशाच पाहिला आणि दुसऱ्या दिवशी फोन केला: "मॅडम, तिसऱ्या नंबरची जागा तुम्ही दुसऱ्या फाट्यावर दाखवलीय. आपण गेलो होतो तो फाटा अलीकडचा." त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या आवृत्तीत नकाशा सुधारला आणि आभारात त्याचं नाव आलं.

एक इशारा मात्र देते. पेपरमध्ये दुर्मीळ प्राण्याचं किंवा वनस्पतीचं अचूक ठिकाण असेल तर ते नकाशावर ढोबळ करा. खुलं म्हणजे शिकाऱ्यालाही खुलं.

५. पेपर पाठवा आणि दुसऱ्या कामाला लागा

एका वेळी एकाच जर्नलला. गणितात उत्तर यायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. सहा महिन्यांनी संपादकाला नम्रपणे विचारायला हरकत नसते. नकार आला तरी परीक्षकाने काढलेल्या चुका सुधारून मगच पुढे पाठवा. विषय लहान असला की तोच परीक्षक पुन्हा भेटतो.

जाता जाता एक: गणितात लेखकांची नावं आडनावाच्या वर्णक्रमाने येतात. बढतीच्या गुणांत पहिल्या किंवा मुख्य लेखकाला झुकतं माप असतं आणि निवड समितीत गणिताचं कुणी नसेल तर 'वाघ', 'यादव' मंडळींचं नुकसान होतं. अर्जासोबत या प्रथेविषयी विभागप्रमुखांची सही असलेलं एका परिच्छेदाचं पत्र जोडा.

६. 'स्वीकारला' मेल आल्यावर घाई करू नका

हा आनंदाचा क्षण आणि नेमका इथेच पैशांचा दुसरा सापळा. वर्गणीच्या जर्नलकडून लिंक येते. त्या पानावर वरच्या बाजूला ठसठशीत चौकटीत 'पेपर खुला करा, जास्त वाचक मिळवा' आणि हजारो डॉलरांचा आकडा. त्याच्या खाली, बारीक अक्षरांत, 'वर्गणी पद्धतीने प्रकाशित करा, शुल्क नाही'. माझ्या एका विद्यार्थ्याने वरचीच चौकट सक्तीची समजून वडिलांकडे पैसे मागितले होते. तो मला विचारायला आला म्हणून वाचला. हायब्रिड जर्नलमध्ये पैसे भरणं ऐच्छिक असतं. खालचा पर्याय घ्या आणि आपली प्रत ग्रीन वाटेने खुली ठेवा.

ती कशी ठेवायची, हे जर्नलच्या धोरणावर ठरतं. पेपरच्या तीन प्रती मोजतात: पाठवलेली, परीक्षणानंतर स्वीकारलेली आणि जर्नलने मांडणी करून छापलेली. पहिली जवळपास कुठेही ठेवता येते. दुसरी बऱ्याच ठिकाणी चालते, पण काही जर्नल्स सहा महिने, वर्ष, दोन वर्षं थांबायला लावतात. तिसरी बहुधा नाही. प्रत्येक जर्नलचं धोरण ब्रिटनच्या जिस्क या संस्थेच्या ओपन पॉलिसी फाइंडर या संकेतस्थळावर सापडतं. जुनी मंडळी त्याला शेर्पा रोमिओ म्हणतात.

कॉपीराइटचा फॉर्म पूर्ण वाचा. 'हक्क हस्तांतरण' आणि 'प्रकाशनाचा परवाना' यांत मोठा फरक आहे. पहिल्यात पेपर त्यांचा होतो, दुसऱ्यात तुमचाच राहतो. हस्तांतरण असेल तर स्वीकारलेली प्रत भांडारात ठेवायचा हक्क राखून मागा. मेलवर विचारलं तर कुणी रागवत नाही. डीएसटी किंवा डीबीटीचं (केंद्र सरकारची विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान खाती) अनुदान घेतलं असेल तर मागायलाच हवा, कारण या दोन खात्यांचं डिसेंबर २०१४ चं धोरणच सांगतं की अनुदानातून झालेल्या पेपरची प्रत खुल्या भांडारात ठेवावी.

७. पैसे भरावेच लागणार असतील तर

जीवशास्त्र आणि रसायनात कधी कधी योग्य जर्नल गोल्डच असतं. तेव्हा सवलत पेपर पाठवतानाच मागा, स्वीकारल्यावर नव्हे. कमी उत्पन्नाच्या देशांना आपोआप मिळणाऱ्या माफीत भारत सहसा बसत नाही, म्हणून अर्ज करून कारण लिहावं लागतं: अनुदान नाही, कॉलेज निधी देत नाही. सोबत प्राचार्यांचं पत्र. ग्रंथपालांनाही विचारा, एखाद्या प्रकाशकाशी संस्थेचा करार असतो आणि आपल्याला ठाऊक नसतं. शुल्काच्या आकड्यावर कर वेगळा असतो, तो धरूनच हिशेब करा. स्वतःच्या पगारातून किंवा शिष्यवृत्तीतून भरू नका, एवढं मात्र मी कळकळीने सांगते.

८. छापून आल्यावर

आर्काइव्हच्या पानावर जर्नलचं नाव, खंड आणि डीओआय भरा. त्यासाठी नवी आवृत्ती लागत नाही. ऑर्किडवर नोंद करा. परीक्षणात सिद्धता बदलली असेल आणि धोरण परवानगी देत असेल तर स्वीकारलेली प्रत नवी आवृत्ती म्हणून चढवा, नाहीतर लोक जुनी चूक वाचत राहतील. प्रोग्रॅम आणि डेटा झेनोडोवर असेल तर त्याचा डीओआय पेपरच्या पानाला जोडा. कॉलेजच्या ग्रंथालयाला आणि आयक्यूएसीला, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला प्रत द्या.

शेवटी पेपर खरंच खुला आहे का ते तपासा आणि ते कॉलेजमध्ये बसून करू नका. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेमुळे सरकारी संस्थांत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स वाचता येतात. ही फार मोठी सोय आहे, पण ती संस्थेतल्या माणसांपुरती. तिथे बंद पेपरही उघडतो आणि आपल्याला वाटतं जगाला दिसतोय. मी दर वेळी परतीच्या गाडीत घणसोली-रबाळेच्या दरम्यान मोबाईलच्या डेटावर, कुठेही लॉगिन न करता लिंक उघडते आणि पीडीएफ शेवटच्या पानापर्यंत उतरते का ते पाहते.